एक झाकण जास्त : शेतातल्या ‘औषधा’ची तीव्रता आणि माणसाचं शरीर

फवारणीच्या दिवसांत आमच्या कारंजा (घाडगे) भागात डॉक्टरला एक वाक्य दरवर्षी ऐकायला मिळतं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम आणि वर हे वाक्य : “औषध तर नेहमीचंच होतं साहेब, थोडं कडक केलं एवढंच.”

या ‘थोडं कडक’बद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. फवारणीच्या विषबाधेला आपण अपघात म्हणतो, नशीब म्हणतो, ‘तोंडाला रुमाल बांधला नाही’ म्हणून त्या मजुराला बोल लावतो. पण यातला मोठा भाग साध्या रसायनशास्त्राचा आहे आणि तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तो धडा आपण परीक्षेपुरता शिकतो आणि वावरात जाताना घरी ठेवून जातो.

धडा काय सांगतो?

चुनखडीचा तुकडा पाणी घातलेल्या ॲसिडमध्ये टाकला तर हळूहळू बुडबुडे येतात. तोच तुकडा कडक ॲसिडमध्ये टाकला तर फसफसून येतो. पुस्तकात याला ‘संहती’चा परिणाम म्हणतात. आपण सोप्या भाषेत तीव्रता म्हणू. तीव्रता म्हणजे ठरावीक पाण्यात त्या पदार्थाचे किती कण आहेत ते. कण जास्त असले की ते एकमेकांवर जास्त वेळा आदळतात आणि अभिक्रिया वेगाने होते. आठवडी बाजारात चार माणसं असली तर धक्का क्वचित लागतो, गर्दी झाली की पावलोपावली लागतो, तसंच.

१८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने ॲसिडच्या पाण्यात साखर किती वेगाने फुटते ते मोजलं. त्याला दिसलं की शिल्लक साखर जितकी, तितका वेग. साखर निम्मी उरली की वेगही निम्मा. पुढे १८६४ मध्ये गुल्डबर्ग आणि वागं या नॉर्वेच्या दोघांनी हा नियम व्यापक स्वरूपात मांडला.

आता हाच नियम शरीरात आणा.

शरीरात नेमकं काय घडतं?

कापसावर मारली जाणारी बरीच जुनी कीटकनाशकं ‘ऑरगॅनोफॉस्फेट’ गटातली आहेत. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही नावं तुम्ही डब्यांवर वाचली असतील. १९३० च्या दशकात जर्मनीत श्राडर हा रसायनतज्ज्ञ कीटकनाशकं शोधत होता. त्याच शोधातून टाबुन आणि सारिन हे युद्धातले विषारी वायू निघाले. वावरातलं औषध आणि ते वायू एकाच कुळातले आहेत, हे लक्षात असू द्या.

आपल्या नसा आणि स्नायू यांच्यात निरोप नेणारं एक रसायन असतं, ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की ते लगेच साफ करावं लागतं. ते काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. ऑरगॅनोफॉस्फेट या एन्झाइमला चिकटून बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, अश्रू, घाम, उलटी, जुलाब, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर, स्नायू फडफडणं, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात.

हे चिकटणं ही रासायनिक अभिक्रियाच आहे. एन्झाइमचा साठा ठरलेला आहे. त्यामुळे वेग ठरतो तो रक्तात विषाची तीव्रता किती, यावर. तीव्रता दुप्पट झाली की निम्मं एन्झाइम निकामी व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. साधारणपणे निम्म्याहून जास्त एन्झाइम बंद पडलं की लक्षणं दिसू लागतात. म्हणजे सायंकाळपर्यंत तग धरणारा माणूस त्या एका जादा झाकणामुळे दुपारीच खाली बसू शकतो.

विष कातडीतून आत शिरतं त्याचा वेगही तीव्रतेवरच चालतो. १८५५ मध्ये आडोल्फ फिक यांनी हा नियम मांडला, आणि ते स्वतः डॉक्टर होते. बाहेर तीव्रता जास्त आणि आत कमी, तर जितका फरक तितक्या वेगाने पदार्थ आत जातो. म्हणजे एकच जादा झाकण कातडीवर आधी वेग वाढवतं आणि मग रक्तात पुन्हा वाढवतं.

सर्वात धोक्याची वेळ कोणती?

बहुतेकांना वाटतं, फवारा तोंडावर येतो ती. मला वाटतं त्याच्या आधीची : डबा उघडून मिसळण्याची.

हिशेब करून पाहा. डब्यावर ‘५० टक्के ईसी’ असं लिहिलेलं असेल तर एका लिटरमध्ये ५०० ग्रॅम विष आहे. लिटरभर पाण्यात २ मिली घातलं तर त्या पाण्यात १ ग्रॅम विष झालं. म्हणजे डब्यातला द्रव पंपातल्या पाण्यापेक्षा ५०० पट तीव्र. फवारताना हातावर उडालेला एक थेंब आणि मिसळताना सांडलेला एक थेंब दिसायला सारखेच, पण दुसरा थेंब पहिल्यासारख्या ५०० थेंबांच्या बरोबरीचा. आणि नेमकं हेच काम आपण उघड्या हाताने करतो. काडी सापडली नाही तर बादलीत हातच फिरवतो. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकतो.

दुसरी गोष्ट गळक्या पंपाची. पाठ, कंबर, जांघा ओल्या होतात. जांघेतली कातडी पातळ असते आणि तिथून हाताच्या मानाने कितीतरी पट जास्त विष आत जातं. शिवाय ऊन असतं. ओल्या सदऱ्यातलं पाणी वाळून जातं, विष मात्र कापडात राहतं आणि अंगाला लागून बसतं. पाणी कमी झालं की तीव्रता वाढली. दुपारी वाळलेला सदरा सकाळच्या ओल्या सदऱ्यापेक्षा सुरक्षित नाही. पुन्हा घाम आला की साठलेलं सगळं कातडीवर उतरतं. तोच सदरा संध्याकाळी घरची बाई हाताने धुते. फवारणीला न गेलेल्या बाईला डोकेदुखी आणि मळमळ झाली तर आपण कारण भलतीकडेच शोधत बसतो.

तिसरी गोष्ट पंपाची. समजा, हातपंपाने एकराला २०० लिटर पाणी लागायचं आणि त्यात ४०० मिली औषध पडायचं. म्हणजे लिटरला २ मिली. आता पेट्रोल पंप आला आणि काम ८० लिटरमध्ये होऊ लागलं. एकराचं ४०० मिली तेच ठेवलं तर लिटरला ५ मिली झाले. अडीच पट तीव्र, आणि फवाराही बारीक, म्हणजे श्वासात जायला सोपा. शेतकऱ्याने एक थेंबही ‘जास्त’ घातला नाही, तरी अंगावर येणारं पाणी अडीच पट कडक झालं. कमी पाण्याच्या पंपाने मारायचं असेल तर मजुराचा बचावही त्या मानाने वाढवायला हवा. तो वाढलेला मला क्वचितच दिसतो.

जास्त कडक केलं तर अळी जास्त मरते का?

इथे अनेक जण मला अडवतात. “साहेब, वेग वाढतो म्हणता ना? मग अळीही लवकर मरेल.”

प्रश्न रास्त आहे. पण वेग वाढतो तो जिथे विष पोचतं तिथे. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. ही अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि आत बसून सरकी खाते. पंपातली तीव्रता तुम्ही दुप्पट करा, तिप्पट करा, बंद बोंडात ती जवळजवळ शून्यच राहते. अळीवर परिणाम नाही आणि फवारणाऱ्यावर पूर्ण. म्हणून त्या अळीसाठी कामगंध सापळे लावून पतंग मोजायला सांगतात. सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार. वेळ साधली तर शिफारशीची मात्रा पुरते. वेळ चुकली तर पूर्ण डबा ओतूनही उपयोग नाही.

शिवाय तीव्रता वाढवली की फायदा कायम वाढत जातो, असंही नाही. १९१३ मध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन या कॅनडाच्या डॉक्टर बाईंनी एन्झाइमचं गणित मांडलं. एका मर्यादेनंतर सगळी एन्झाइमं कामात गुंतलेली असतात आणि पदार्थ कितीही वाढवला तरी वेग वाढत नाही. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी वापरलेल्या सॅनिटायझरचं उदाहरण घ्या. ७० टक्के अल्कोहोल जंतू मारायला शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगलं, कारण जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणीही लागतं. कडक म्हणजे चांगलं, हा आपला समज आहे, निसर्गाचा नियम नाही.

कॉकटेल

कृषी केंद्रातून एकाच वेळी तीन बाटल्या येतात आणि तिन्ही एकाच पंपात जातात. यात एक छुपी गोष्ट आहे. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला त्या मानाने कमी त्रास देतात, कारण शरीरातली काही एन्झाइमं त्यांना लवकर फोडून टाकतात. ऑरगॅनोफॉस्फेट नेमकी तीच एन्झाइमं बंद पाडतं. मग दुसरं विष फुटत नाही आणि रक्तात त्याची तीव्रता चढत राहते. पंपात मोजून मापून घातलेली दोन औषधं शरीरात गेल्यावर एकमेकांची तीव्रता वाढवतात. इथे एक आणि एक दोनच होतील याची खात्री नाही.

कालची बाकी आज पुढे

सर्वात कमी बोलली जाणारी गोष्ट ही. बंद पडलेलं कोलिनेस्टरेज रात्रीच्या झोपेने भरून येत नाही. तांबड्या पेशींमधलं एन्झाइम नव्या पेशी तयार होतील तसं, दिवसाला सुमारे एक टक्का या वेगाने भरतं. आज माणसाने वीस टक्के गमावले तर उद्या सकाळी तो जवळपास तेवढ्याच तुटीने पंप पाठीवर घेतो. परवा आणखी. चौथ्या दिवशी तो पडतो आणि मालक म्हणतो, “तीन दिवस तर काहीच झालं नव्हतं, यालाच सोसलं नाही.”

विषशास्त्रात हाबर यांच्या नावाचा एक ढोबळ नियम आहे : तीव्रता गुणिले वेळ. मालकाचा संपर्क दोन दिवसांचा असतो. पण या वावरातून त्या वावरात रोजीने फवारणीला जाणाऱ्या मजुराचा हंगामभराचा गुणाकार कोणी करत नाही. प्रत्येक मालकाच्या हिशेबात तो एकच दिवस आलेला असतो.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय घडलं ते आठवा. वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, शासनाला विशेष तपास पथक नेमावं लागलं. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, एकावर एक मिसळलेली औषधं, जोरदार फवाऱ्याचे पंप, अंगावर काही बचाव नाही : तेव्हा जी कारणं पुढे आली ती सगळी मिळून एकच गोष्ट सांगतात. अंगावर येणारी तीव्रता वाढली आणि ती झेलण्याचा वेळही वाढला.

दोष कोणाचा?

शेतकरी अडाणी आहे म्हणून कडक करतो, हे मला मान्य नाही. तो कडक करतो कारण मागच्या खेपेला अळी मेली नाही. डब्यात खरोखर लिहिलं तेवढं विष आहे की भेसळ आहे, याचा त्याला भरवसा नाही. ज्याला मालाच्या कसावर विश्वास नाही तो वरून एक झाकण घालणारच. मी त्याच्या जागी असतो तर मलाही तो मोह झाला असता. म्हणून भेसळीच्या कीटकनाशकावर कारवाई हा माझ्या मते शेतीइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

आणि झाकण हे माप नाही. एका बाटलीचं झाकण दुसरीच्या झाकणाएवढं नसतं. मुलाच्या तापाच्या सिरपसोबत मोजायचं छोटं माप मिळतं, मग त्याहून कितीतरी विषारी बाटलीसोबत ते का नको? चिठ्ठीवर ‘हेक्टरी अमुक मिली, ५०० लिटर पाण्यात’ असं मुंगीएवढ्या अक्षरात लिहून काय उपयोग? ‘१५ लिटरच्या पंपाला इतके मिली’ असं मोठ्या मराठी अक्षरात लिहा. कृषी केंद्रवाल्याने तीन औषधं एकत्र मारायला सांगितली तर ते बिलावर लिहून द्यावं. मी रुग्णाला औषध लिहून देतो तेव्हा खाली सही करतो. त्याने का करू नये?

मुळात त्याला ‘औषध’ म्हणणंच मला खटकतं. औषध म्हटलं की माणूस जवळ करतो, थोडं जास्त झालं तर गुणच येईल असं धरतो. खरं तर औषधाचंही तसं नसतं. पॅरासिटामॉलसारखी घरोघरी असलेली गोळीही मर्यादेपलीकडे गेली की यकृत खाते. मग डब्यावर लाल त्रिकोण असलेल्या द्रवाचं काय? लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजेही बिनविषारी नव्हे. आपण निदान आपल्या घरात तरी त्याला विष म्हणायला सुरुवात करू या.

आरोग्य खात्याकडूनही माझी मागणी आहे. जे मजूर हंगामभर फवारणी करतात त्यांची कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी हंगामाआधी एकदा आणि मध्ये एकदा व्हावी. पहिला आकडा हाती असेल तर घसरण वेळेत कळते आणि माणूस पडण्याआधी त्याला दुसऱ्या कामावर लावता येतं. आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा भरपूर साठा असावा. दोन-चार इंजेक्शनं म्हणजे साठा नव्हे. यात लागणारी मात्रा इतर आजारांपेक्षा खूप मोठी असते, कारण इथेही तीव्रतेचीच लढाई आहे. ॲसिटिलकोलीन आणि ॲट्रोपिन एकाच जागेसाठी भांडतात, ज्याचं संख्याबळ जास्त त्याला जागा मिळते. म्हणून छाती मोकळी होईपर्यंत आम्ही मात्रा दर काही मिनिटांनी दुप्पट करत नेतो.

तुम्ही काय करायचं?

• मोजायला वेगळं माप ठेवा, झाकण नाही. ते माप घरात परत आणू नका.
• मिसळताना रबरी हातमोजे घाला आणि लांब काडी वापरा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.
• गळका पंप पाठीवर घेऊ नका. कंबर ओली झाली तर तिथेच थांबा, साबणाने धुवा, कपडे बदला.
• वाऱ्याच्या उलट दिशेने आणि भर दुपारी फवारणी नको.
• तंबाखूचा हात आणि विषाचा हात एकच असतो. हात साबणाने धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, भाकरी काही नाही.
• फवारणीचे कपडे वेगळे भिजवा, वेगळे धुवा, आणि धुणाऱ्या बाईने हातमोजे घालावेत.
• एकाच मजुराला रोज फवारणी लावू नका, पाळी बदला. अंग बरं वाटत नसेल तर त्या दिवशी पंप उचलायचाच नाही, आणि त्यासाठी रोजी कापायची नाही.

त्रास सुरू झाला तर सर्व कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. धुणाऱ्याने स्वतःचे हात झाका. उलटी काढायला मिठाचं पाणी देऊ नका. दूध, तूप, लिंबू काही नको. माणूस गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. डबा किंवा त्याची चिठ्ठी सोबत आणा, ती आमच्यासाठी निम्मं निदान असते.

लक्षणं काही वेळा उशिरा येतात. काही विषं यकृतात बदल झाल्यावरच पूर्ण जोर धरतात, त्यामुळे संध्याकाळी ठीक असलेला माणूस रात्री बिघडू शकतो. तसंच एका इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून सुटी मागू नका. एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं आणि श्वास कमी पडणं, असा दुसरा झटका येऊ शकतो. डॉक्टर भरती राहायला सांगतो ते याचसाठी.

फवारणी बंद करा, असं मी म्हणणार नाही. कापूस, सोयाबीन आणि संत्रा यांच्यावर ज्यांचं घर चालतं त्यांना तसं सांगायचा मला अधिकार नाही. माझं म्हणणं एवढंच : अळीला मारायला लागतं तेवढंच पंपात घाला, आणि अंगावर त्यातलं जमेल तितकं कमी येऊ द्या. येत्या हंगामात पंप भरायच्या आधी घरातल्या दहावीच्या पोराला किंवा पोरीला जवळ बोलवा. डब्यावरचे टक्के, मिली आणि लिटर यांचं गणित तिच्याकडून करून घ्या. तिला ते येतं. आणि आकडा जास्त निघाला तर तिचं ऐका.